माऊला बडीशेपेचं तेल चालतं का?

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे. एका श्रोत्या मैत्रिणीने विचारलंय, "ताई, आमच्या मांजरीचं पोट दोन दिवस बिघडलंय. एका रीलमध्ये सांगत होते की बडीशेपेचं तेल डिफ्यूझरमध्ये टाका. बडीशेप तर आपण जेवल्यावर खातोच, मग टाकू का?"

नको टाकूस. आता का, ते सांगते.

घोळ सगळा त्या "खातोच ना"मध्ये आहे. बडीशेपेच्या दाण्यात सुगंधी तेल असतं साधारण २ ते ६ टक्के. वाफेवर ऊर्ध्वपातन करून ते वेगळं काढतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने एका थेंबामागे एक-दोन ग्रॅम बडीशेप. डिफ्यूझरमध्ये दहा थेंब टाकले की मूठभर बडीशेपेचा अर्क झाला, आणि समोर बसलीय चार किलोची मांजर. शिवाय डिफ्यूझरमधून उडणारे बारीक कण तिच्या केसांवर बसतात. मांजर दिवसभर काय करते? अंग चाटते. म्हणजे आपण म्हणतो "फक्त वास दिला", आणि तेल जातं पोटात.

पोटात गेल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. आपलं यकृत असल्या बऱ्याच पदार्थांना एक साखरेसारखा रेणू जोडतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. हे जोडकाम करणारं एक महत्त्वाचं जनुक मांजरीत निकामी झालेलं आहे. नुसतं मांजरीतच नाही, वाघ-सिंहातसुद्धा. पिढ्यानपिढ्या फक्त मांस खाणाऱ्यांना वनस्पतींमधली रसायनं पचवायची वेळच फारशी आली नसावी, असं शास्त्रज्ञ मानतात. पॅरासिटामॉलची गोळी मांजरीच्या जिवावर उठते, त्यामागेही हीच कमतरता आहे. म्हणून "नॅचरल आहे" हे वाक्य मांजरीच्या बाबतीत मला अजिबात दिलासा देत नाही. पोपट, लव्हबर्ड असतील तर त्या खोलीत डिफ्यूझर नकोच. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते.

आता कुणाची तरी आज्जी म्हणेल, गाय व्यायली की आम्ही शेपा घालायचोच की! आज्जी, बरोबर. पण ते बाळंतशेपा, म्हणजे शेपूचं बी. बडीशेप वेगळी. आणि तुम्ही दाणे घालायचात, तेल नव्हे, तेही तीन-चारशे किलोच्या गायीला.

कुत्र्यांची गोष्ट मात्र जरा मजेशीर आहे. बडीशेपेला तो गोडसर वास येतो अनेथोल नावाच्या घटकामुळे. हाच घटक अॅनिसीड नावाच्या विलायती भावंडातही असतो. ब्रिटनमध्ये ड्रॅग हंटिंग नावाचा खेळ आहे. त्यात अॅनिसीडचा वास जमिनीवरून ओढत नेतात आणि शिकारी कुत्र्यांचा अख्खा कळप त्यामागे सुसाट धावतो. अमेरिकेत वास शोधण्याच्या स्पर्धांमध्येही अॅनिसीडच्या तेलाचा बोळा लपवतात. आणि आपण तोच वास दिवाळीच्या फटाक्यांत कुत्र्याला "शांत" करायला वापरणार? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये निवाऱ्यातल्या ५५ कुत्र्यांवर वेगवेगळे वास तपासले होते. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलने कुत्रे जास्त विसावले, रोझमेरी आणि पेपरमिंटने उलट जास्त हलले-भुंकले. त्या यादीत बडीशेप नव्हती. सुगंधाचा परिणाम होतो, हे खरं. पण प्रत्येक सुगंध शांतच करतो, हे खरं नाही.

तरीही कुत्र्याला हा वास द्यायचाच असेल, तर माझं मत ऐका : तेल राहू दे. खलबत्त्यात चार दाणे ठेचा, वाटीत घालून जमिनीवर ठेवा, दार उघडं ठेवा. तो आला, हुंगलं, रमला, तर छान. तोंड फिरवलं, शिंकला, सारखे ओठ चाटायला लागला, तर वाटी उचला. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० ते ३० कोटी. आपल्याला "मंद" वाटणारा वास त्याला केवढा वाटत असेल! कातडीवर, खाण्यात, पाण्यात तेल कधीच नाही. फिट येणाऱ्या किंवा गाभण जनावराच्या जवळपासही ते आणू नका. या तेलातला फेन्कोन हा घटक जास्त प्रमाणात मेंदूला उत्तेजित करतो आणि अनेथोल काहीसं स्त्री-संप्रेरकासारखं वागतं.

आणि मैत्रिणी, दोन दिवस पोट बिघडलेल्या मांजरीला वासाची नाही, डॉक्टरची गरज आहे. आजच ने.

कुणी आधीच तेल वापरलं असेल तर लक्ष ठेवा : लाळ गळणं, उलटी, थरथर, झोकांड्या जाणं, धाप. यातलं काही दिसलं की डिफ्यूझर बंद, खिडक्या उघड्या, प्राण्याला मोकळ्या हवेत न्या. अंगावर तेल सांडलं असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि कोमट पाणी घेऊन धुवा. उलटी करवायला जाऊ नका, तेल फुप्फुसात जाऊ शकतं. निघताना बाटलीच्या लेबलचा फोटो काढा आणि डॉक्टरांना आधीच व्हॉट्सअॅप करून ठेवा, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत त्यांना नेमकं काय आणि किती, ते कळलेलं असेल.