तळ्याकाठची रोजकीर्द

पाचवे तीर्थंकर श्री सुमतिनाथ भगवान यांचे लांछन दिगंबर परंपरेत चकवा, म्हणजे चक्रवाक, मानले जाते. श्वेतांबर परंपरा ते क्रौंच असल्याचे सांगते. क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी याविषयी मतभिन्नता असली, तरी तो करकोच्याच्या कुळातला असावा, याकडे अनेकांचा कल आहे. चक्रवाकाच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही. विटकरी-नारिंगी अंग, फिकट पिवळसर डोके, काळी शेपटी आणि उडताना उघडा पडणारा पंखावरचा पांढरा पट्टा, एवढ्या खुणांवर तो दुरूनही ओळखता येतो. मूर्तीच्या पादपीठावर कोरलेल्या या पक्ष्याला आपण लहानपणापासून हात जोडत आलो आहोत. तोच पक्षी दरवर्षी हिवाळ्यात लडाख-तिबेटकडून येऊन आपल्या गावालगतच्या पाण्यावर उतरतो. हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असते.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते, साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि साधारण त्याच दिवसांत तळ्यांवर या पाहुण्यांची गर्दी वाढू लागते. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमधमेश्वर हे त्यांचे मोठे मुक्कामाचे ठिकाण. लासलगाव, निफाड, पिंपळगाव बसवंत या व्यापारी गावांतून तेथे सहज जाता येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. पुढे शंभर वर्षे नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साचत राहिला, बेटे तयार झाली, पाणी उथळ झाले. सिंचनाच्या हिशेबात हा तोटा आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र तोच मोठा लाभ ठरला, कारण डोके पाण्यात आणि शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांना खोल धरण निरुपयोगी असते. त्यांना हातभर पाणी हवे असते. १९८६ साली हा परिसर अभयारण्य झाला आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

चापडगावच्या बाजूने सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभे राहिले की हा सारा व्यवहार दिसू लागतो. फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळणारा थापट्या, लांब निमुळत्या शेपटीचे तलवार बदक, कपाळी पांढरा टिळा लावून संथ फिरणारा काळा वारकरी. हळदीकुंकू बदक तर नावासह आपले. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले आणि ते बाराही महिने येथेच राहते. मात्र डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी हंस, ज्याला पट्टकादंब म्हणतात, तो हिमालय ओलांडून आलेला असतो. त्याच्या पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात तो सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याचे आढळले आहे. इतक्या दुरून आलेल्या पाहुण्याचे आपण काय करतो?

बहुतेक वेळा आपण त्याला खायला घालू पाहतो. जीवदया आपल्याकडे दाण्याच्या रूपाने आली आणि तिचा इतिहास अभिमानाचा आहे. राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावी जैन व्यापारी कुटुंबांनी कुरजांसाठी, म्हणजे कांड्या करकोच्यांसाठी, चुग्गाघर उभारून धान्याची सोय केली. आज तेथे हिवाळ्यात हजारो करकोचे उतरतात आणि २०२५ साली खीचनचाही रामसर यादीत समावेश झाला. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालयाचे कार्य १९२९ पासून चालू आहे. परंतु करकोचा धान्य खाणारा आहे, थापट्या नाही. तळ्यात टाकलेला पाव आणि फरसाण बदकाच्या पोटाला उपयोगी पडत नाही आणि उरलेले पाण्यात कुजते. या पाहुण्यांना आपल्या हातचे काही नको असते. त्यांना उथळ स्वच्छ पाणी हवे, शांतता हवी आणि ते येथे आले होते याची विश्वासार्ह नोंद हवी.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. पण रामसर करारात, जो १९७१ साली इराणमधील त्या नावाच्या शहरी झाला, पाणथळ जागेचे महत्त्व ठरविण्याचे काही निकष आकड्यांचे आहेत. तेथे नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येतात का, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का तरी पक्षी तेथे असतात का, हे पाहिले जाते. हे आकडे कोणी तरी थंडीत उभे राहून मोजलेले असतात. आपल्या उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तिचा मोठा भार हौशी स्वयंसेवकच वाहतात. ज्या तळ्याची मोजणी कोणी केलीच नाही, ते भराव टाकून बुजविण्याचा प्रस्ताव आला तर ‘तेथे काय होते?’ या प्रश्नाला उत्तर देणारा कागद कोणाजवळ नसतो.

आणि कागद राखणे हे तर आपले कुळाचे काम. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीला वहीपूजन होते, त्या घराला रोजकीर्द शिकवावी लागत नाही. तळ्याचीही रोजकीर्द तशीच लिहायची: तारीख, ठिकाण, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, हवा, पाण्याची पातळी आणि मग जातवार संख्या. ‘पुष्कळ बदके’ ही नोंद नव्हे. ‘माल बराच आला’ असे कोणी किर्दीत लिहीत नाही. लिलावात ट्रॉलीभर माल एका नजरेत जोखणाऱ्या व्यापाऱ्याला थव्याची मोजणी लवकर साधते. आधी दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरायची, मग तेवढ्या जागा थव्यावर किती बसतात ते पाहायचे. एकाने दुर्बिणीतून सांगावे, दुसऱ्याने लिहावे. आठ किंवा दहा पट दाखविणारी साधी दुर्बीण पुरते. हजारोंचा कॅमेरा नसला तरी अडत नाही, किंबहुना नसलेला बरा, कारण छायाचित्राच्या मोहात मोजणी हमखास राहून जाते.

ओळख पटली नाही, तर ‘अनोळखी बदके, ४०’ असे प्रामाणिकपणे लिहावे. एकही चक्रवाक दिसला नाही, तर त्या दिवशीची फेरीही लिहावी. रिकामा दिवस गाळणारी वही खोटी ठरते. वर्षअखेरीस याच रोजकीर्दीवरून प्रत्येक जातीची खतावणी काढता येते: यंदा प्रथम कधी आले, सर्वाधिक किती, शेवटचे कधी दिसले. ‘ईबर्ड’सारख्या संगणकीय व्यवस्थेवर हीच नोंद ठेवली, तर ती जगभरच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडते. घरातील आजोबांनी लिहावे आणि नातवाने ती मोबाइलवर चढवावी, ही विभागणी उत्तम चालते.

काठावर वावरताना ईर्यासमितीचा अर्थ नव्याने उमगतो. पाऊल पाहून टाकायचे, ते चिखलात दडलेल्या लहानग्या जीवांसाठी जसे, तसेच दूर बसलेल्या थव्यासाठीही. थवा उठविला की हिमालयापलीकडच्या परतीच्या प्रवासासाठी साठविलेली त्याची शक्ती खर्ची पडते. टाळ्या वाजवून बदके उडविणारा आणि त्यांचा पाठलाग करणारा छायाचित्रकार, दोघेही सारखेच. ड्रोन तर पाण्यापासून दूरच ठेवावा.

गणनेचा जानेवारी महिना संक्रांतीचाही असतो. येवल्यासारख्या पतंगप्रेमी गावांच्या आकाशात त्या दिवसांत मांजा पसरलेला असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी तो विकला जातो. तो आपल्या ओळखीच्या दुकानात दिसला, तर बोलण्याचा अधिकार आणि वजन व्यापारी समाजाजवळच अधिक आहे. जखमी पक्ष्यांच्या उपचारासाठी आपली मंडळे शिबिरे भरवतात. तेथे आलेल्या प्रत्येक पक्ष्याची जात, जखम आणि सापडल्याची जागा लिहून ठेवली, तर मांजा कोठे अधिक घातक ठरतो हे दाखविता येईल.

एक अडचण मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. तळे हे अहिंसेचे चित्र नाही. बगळा मासा गिळतो, दलदली भोवत्या वारकऱ्यावर झडप घालतो आणि सोबत आलेले मूल विचारते, ‘आपण त्याला वाचवायचे नाही का?’ प्रवचनात ऐकलेला ‘ज्ञाता-द्रष्टा’ हा शब्द येथे अवघड होऊन समोर उभा राहतो. रागावर आणि हस्तक्षेपाच्या ओढीवर ताबा ठेवून जे घडले ते घडले तसे लिहिणे मोठ्यांनाही लगेच जमत नाही. भोवत्याचीही नोंद त्याच वहीत, त्याच अक्षरात व्हावी लागते.

फाल्गुनाच्या सुमारास ऊन तापू लागते, पाणी ओसरते आणि एका सकाळी चक्रवाकांची जागा रिकामी दिसते. आदल्या फेरीत ते होते की नव्हते, हे त्या वेळी आठवणीतून सांगता येत नाही. वहीत पाहावे लागते.