परस्परसंवादी परिषद-विपणन आणि वैद्यकीय उपकरणाचे बाजारपेठेतील पदार्पण : बलून कॅथेटरच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
साबण किंवा दूरचित्रवाणी संच ग्राहक स्वतः निवडतो. वैद्यकीय उपकरणाची निवड मात्र डॉक्टर करतो, मूल्य रुग्ण अथवा विमा कंपनी चुकवते आणि जोखीम रुग्णाच्या वाट्याला येते. शिवाय उपकरणाची परिणामकारकता वापरणाऱ्याच्या कौशल्यावरही अवलंबून असते. म्हणून ते विकण्यापूर्वी शिकवावे लागते. प्रस्तुत लेखात या गरजेतून विकसित झालेल्या विपणन पद्धतीचे विवेचन केले आहे.

संकल्पना :
वैद्यकीय परिषदेत केवळ माहितीपत्रके न वाटता प्रात्यक्षिक, प्रतिकृतीवरील हाताळणी, शस्त्रक्रियेचे थेट प्रक्षेपण व प्रश्नोत्तरे यांद्वारे डॉक्टरांना सहभागी करून घेणे, म्हणजे परस्परसंवादी परिषद-विपणन होय. यात संवाद दुहेरी असतो. डॉक्टरांना तंत्र समजते, तर उत्पादकास उपकरणातील उणिवा कळतात.

बलून कॅथेटरचे उदाहरण :
डॉ. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे हृदयाची अरुंद झालेली धमनी बलूनच्या साहाय्याने रुंद करण्याची पहिली प्रक्रिया जागृत रुग्णावर केली. १९७८ पासून त्यांनी तेथेच प्रात्यक्षिक वर्ग सुरू केले. सभागृहातील डॉक्टर पडद्यावर प्रक्रिया पाहत व प्रश्न विचारत. प्रशिक्षणावाचून कोणी कॅथेटर हाती घेऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ५० पैकी ३२ रुग्णांत यश आल्याची आणि ५ रुग्णांना तातडीची बायपास शस्त्रक्रिया करावी लागल्याची स्पष्ट नोंद आहे. याच वर्षी अमेरिकेत अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. उपकरणाविषयीचा विश्वास अपयश लपवून नव्हे, तर ते मांडून निर्माण झाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मर्यादा :
प्रक्षेपणासाठी सोपे रुग्ण निवडले गेल्यास चित्र एकांगी होते. प्रश्नांना उत्तरे देताना डॉक्टरांचे लक्ष विचलित होऊ शकते. प्रायोजकाच्या पाहुणचाराने निर्णय प्रभावित होण्याचा धोका तर असतोच. याच कारणास्तव युरोपातील उपकरण-उत्पादकांच्या 'मेडटेक युरोप' या संघटनेच्या आचारसंहितेने १ जानेवारी २०१८ पासून इतर संस्थांच्या परिषदांना जाणाऱ्या डॉक्टरांचे थेट प्रायोजकत्व बंद केले. भारतातही केंद्र शासनाच्या औषधनिर्माण विभागाने २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी स्वतंत्र आचारसंहिता जारी केली असून तीनुसार डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देण्यास मनाई आहे.

निष्कर्ष :
परिषद ही शिक्षणाची जागा आहे की विक्रीची, हा प्रश्न उत्पादनाच्या पदार्पणाच्या वेळी तीव्रतेने उभा राहतो. अपयशाची आकडेवारी मांडली का, रुग्णाची संमती स्वतंत्रपणे घेतली का आणि प्रायोजकाचे नाते उघड केले का, या तीन कसोट्यांवर त्याचे उत्तर शोधता येते. वाणिज्य व व्यवस्थापन शाखेत विपणन शिकविताना विक्रीच्या आकड्यांइतकेच या कसोट्यांनाही स्थान मिळणे आवश्यक आहे. कारण येथे चुकीच्या निवडीची किंमत निवड करणारा मोजत नाही.