अवेळी ओहोटी

कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. समुद्राच्या लाटेने तेथील उंबरठा भिजण्याचे भय नाही. तथापि रायगड जिल्ह्याचे ठाणे अलिबाग समुद्रकाठी असल्यामुळे कचेरीच्या कामासाठी वा कुलाबा किल्ला पाहण्यासाठी तेथील माणसाचे पाऊल किनाऱ्याला लागतेच. आणि समुद्राची रीत ठाऊक नसणे हाच त्याला मोठा धोका होय.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. त्यामुळे पाणी हटले म्हणजे वाट मोकळी झाली, अशी नवख्याची समजूत होते. परंतु ओहोटीओहोटीत भेद आहे. नित्याची ओहोटी तिथीनुसार ठरलेल्या वेळी येते आणि पाणी ओसरण्यास सुमारे ६ तास लागतात. भूकंपाने समुद्रतळ एकाएकी वरखाली झाला, तर वरचा सारा जलराशी हेलावतो. त्यातून उठणारी सुनामी खोल पाण्यात ताशी ७०० किलोमीटरांच्या वेगाने धावते. किनाऱ्याजवळ ती मंदावते व उंचावते. तिच्या अगोदर कित्येकदा काही मिनिटांतच पाणी दूरवर हटते. अशी अवेळी ओहोटी हे निमंत्रण नव्हे, इशारा होय.

अरबी समुद्रही यातून सुटलेला नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरान किनाऱ्यालगत मोठा भूकंप झाला. काही तासांनी सुमारे २ मीटर उंचीच्या लाटा मुंबईस पोहोचल्या व माणसे वाहून गेली. आज हैदराबादचे सुनामी इशारा केंद्र अशा वेळी सूचना देते. ती मिळताच आज्ञा समजून पाळावी.

दूरच्या भूकंपाचा हादरा येथे जाणवेलच असे नाही. म्हणून पाणी अवेळी हटताना दिसताच शिंपले वेचीत न राहता तत्काळ उंच जागी जावे. टेकडी नसल्यास भक्कम इमारतीचा वरचा मजला गाठावा. खाडी व नदीमुख टाळावे. पहिली लाट ओसरली म्हणून परतू नये. मागाहून येणारी लाट अनेकदा अधिक मोठी असते. सरकारी सूचना होईपर्यंत थांबावे.

२६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडातील फुकेत बेटावर टिली स्मिथ या १० वर्षांच्या इंग्रज मुलीने समुद्राचे विपरीत वर्तन ओळखून आईबापांस सावध केले. लोक वेळीच पुळणीवरून हलले व वाचले. ती खूण ती दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकली होती. कर्जत-खालापूरच्या शाळांनी अलिबागच्या सहलीपूर्वी एवढा एक धडा शिकविला, तर तो शिदोरीहून अधिक उपयोगी पडेल.