भाड्याची सायकल आणि ऑलिंपिकचा गोल



आज हैदराबादच्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ असतात. पण एके काळी या शहराची ओळख फुटबॉल ही होती. हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. आपल्या काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये आणि चादरघाट हायस्कूलमध्ये त्यांनी शिकवले. त्यांचे एक शिष्य तुलसीदास बलराम यांची ओळख आज करून देत आहे.

बलराम यांचा जन्म १९३६ साली सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथे झाला. घराणे मूळचे तमिळ. आपल्या पूर्वजांप्रमाणेच तेही बाहेरून येऊन इथलेच झालेले. घरची परिस्थिती बेताची. नवे बूट घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून पोलिसांच्या जुन्या बुटांपासून मोच्याकडून खेळाचे बूट करून घेतले. रहीमसाहेबांनी या मुलाचा खेळ पाहिला आणि सरावाला हैदराबादला बोलावले. रोज एवढ्या लांब यायला पैसे नाहीत, असे मुलाने सांगितले. तेव्हा रहीमसाहेबांनी सायकल भाड्याने घेण्यासाठी पैसे दिले. हैदराबादने १९५६-५७ ची संतोष ट्रॉफी जिंकली, तेव्हा बलराम त्या संघात होते.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या चमूत बलराम होते. पुढे ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात गेले आणि १९६१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने कलकत्ता लीग जिंकली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीशी भारत १-२ आणि पेरूशी १-३ असा हरला. या दोन्ही सामन्यांत भारताचा एकमेव गोल बलराम यांचा होता. १९६२ साली जकार्ता येथे भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्णपदक मिळवले. प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम हे त्रिकूट देशभर गाजले. त्याच वर्षी बलराम यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढचे वर्ष मात्र दुःखाचे ठरले. जून १९६३ मध्ये रहीमसाहेब कर्करोगाने गेले. त्याच वर्षी फुफ्फुसाच्या विकारामुळे बलराम यांना खेळ सोडावा लागला. तिशीही गाठली नव्हती. तरी मैदानाशी नाते तुटू दिले नाही. कलकत्त्यात त्यांनी मुलांच्या संघाला प्रशिक्षण दिले. जे गुरूकडून घेतले, ते पुढच्या पिढीला दिले. हीच त्यांची समाजसेवा. शेवटची अनेक वर्षे ते गंगाकाठच्या उत्तरपाडा गावी राहिले. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

हे लिहिताना मला माझी एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी आठवीतला एक चपळ मुलगा सरावाला येईनासा झाला. मी त्याच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा मारला आणि त्याला संघातून वगळले. सराव संपेपर्यंत पासची शेवटची बस निघून जाते आणि ऑटोचे पैसे घरी मागवत नाहीत, हे वर्षाच्या शेवटी त्याच्या आईकडून कळले. तोवर त्याने खेळ सोडला होता. मी एकदाही त्याला विचारले नव्हते. रहीमसाहेबांनी विचारले, हाच फरक.

हिंदीत ज्याला 'लगन' म्हणतात, ती मुलांमध्ये असतेच. मैदानापर्यंत पोहोचण्याची सोय आपण मोठ्यांनी करायची असते. म्हणून विद्यार्थ्यांनो, अडचण असेल तर क्रीडाशिक्षकांना किंवा थेट मला येऊन सांगा. संकोच करू नका. आणि पालकहो, ज्यांच्या घरी वापरात नसलेली सायकल असेल, त्यांनी ती शाळेत आणून द्यावी, ही नम्र विनंती.

– मुख्याध्यापक