खांबाचा पाय

मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने खांब वाजवला. छातीच्या उंचीवर खणखणीत, गुडघ्याशी दबका आणि त्याखाली सरळ बद्द. "अहीं सुधी गयुं," म्हणत त्याने गुडघ्यापाशी खडूने रेघ ओढली.

बडोद्यातल्या मांडवीजवळच्या पोळातलं, म्हणजे जुन्या गल्लीतलं, हे ओळखीच्या मराठी कुटुंबाचं घर. खांबाचं काम निघालंय कळल्यावर मी सकाळीच समा भागातल्या माझ्या घरून येऊन बसलो होतो. सागाच्या सांगाड्यात विटा भरलेलं दुमजली घर. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्याच जातीचं, फक्त गरीब. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्यात लोक भित्तिचित्रं बघायला जातात; मी खांब आणि तुळया बघत बसतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि अख्खं घर खणांत मोजायचं. भार खांबांवर. भिंत आडोशापुरती.

हे काही वाड्यांनी शोधलेलं नाही. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या जुन्या घरांत बेळक्याचे खांब आधी रोवतात, बेळक्यात आडवं लाकूड, त्यावर वासे, मग गवत नाहीतर कौलं. कूड सगळ्यात शेवटी. फरक पायाशी आहे. झोपडीचा खांब मातीत पुरलेला असतो. कुजला तर जंगलातून दुसरा आणता येतो, गवतही थोड्या थोड्या वर्षांनी शाकारावंच लागतं. वाड्याचा खांब असा कोण बदलणार? म्हणून तो दगडी तळखड्यावर उभा करायचा, ओलीपासून वर.

इथला तळखडा मात्र दिसतच नव्हता. कधी काळी शहाबादी फरशी आली, तिच्यावर मोझॅक, मोझॅकवर चकचकीत टाइल. दर पिढीने जमीन दोन-अडीच इंच उचलली आणि दगड गाडला गेला. त्यानंतर फरशी पुसल्याचं पाणी रोज खांब पीत होता. वाळवी नंतर आली. बोल मात्र तिलाच.

तुळईखाली दोन्ही बाजूंना फळ्या टाकून जॅक लावले. एक पोरगा इकडे पाव फेरा देई, दुसरा तिकडे. घाई नाही. वरच्या मजल्यावरून आजींनी खाली उतरायला साफ नकार दिला होता. "हळू रे बाबांनो, दूध ठेवलंय," एवढंच ऐकू आलं. तुळई कुरकुरली, खांब मोकळा झाला.

रेघेवरून कापल्यावर खालचा तुकडा हातात भुसभुशीत सुटला. वरचं लाकूड मात्र अजून तेलकट, तांबूस. जोडायचा तुकडा पाडलेल्या दुसऱ्या घरातला जुना साग. नवं लाकूड मिस्त्रीला चालत नाही, ते अजून वाळायचं असतं. दोन्ही टोकं अर्धी-अर्धी तासून एकमेकांत बसवली, आरपार लाकडी खुंट्या ठोकल्या, खिळा एकही नाही. तळखडा उघडा करून भोवती बोटभर फट ठेवली. ती बुजवू नका, हे त्याने घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

समातला माझा फ्लॅटही खांब-तुळयांवरच उभा आहे, विटा नुसत्या भरलेल्या. पण त्याच्या सिमेंटच्या खांबाचा पाय कापून असा बदलता यायचा नाही.

जॅक उतरले. मिस्त्रीने चहा घेतला आणि जाता जाता शेजारच्या खांबावर दांडा मारला. छातीशी खणखणीत. मग तो खाली वाकला.