दगडखाणीतली पाणशाळा

इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यात स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण आहे. खोदकाम चालू होते तोवर झऱ्यांचे पाणी पंपाने उपसावे लागे. १९५८ मध्ये काम थांबले आणि खाण पाण्याने भरत गेली. आज ब्रिटनमधले असंख्य पाणबुडे स्कूबाचे पहिले धडे तिथे गिरवतात. तिथे ना प्रवाळ, ना कोमट पाणी. समुद्र लांब पडतो म्हणून ही तडजोड, असे वाटणे साहजिक आहे. पण शिकाऊ माणसाला जे हवे ते खाणीच्या घडणीतच आहे.

दगड टप्प्याटप्प्याने काढतात, त्यामुळे इथे साधारण सहा-सात, वीस आणि पस्तीस मीटर खोलीवर टप्पे तयार झाले आहेत. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. पस्तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या जवळजवळ साडेचारपट होतो आणि सिलिंडरमधली हवाही त्याच पटीत लवकर संपते. उलट, दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईतो दुप्पट जागा मागते. अशा वेळी श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून मास्कमधले पाणी काढणे, तोल राखणे, जोडीदाराला हवा देणे हे सगळे आधी वरच्या टप्प्यावर अंगवळणी पडावे लागते. खाली तळ आहे, लाटा आणि प्रवाह नाहीत, त्यामुळे कुठे चुकले ते शिक्षकाला लगेच दिसते. बुडालेल्या जहाजाभोवती फिरण्याच्या सरावासाठी १९१० सालची स्टेनगार्थ ही बोट २००० मध्ये इथे मुद्दाम बुडवण्यात आली.

इतक्या संथ पाण्यात शिकलेला माणूस समुद्रात टिकेल का, ही शंका रास्त आहे. प्रवाह आणि भरती-ओहोटी समुद्रातच शिकावी लागते. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगते, म्हणून कमरेच्या वजनांचा हिशेबही बदलतो. पण खाण सोपी नसते. उन्हाने तापलेल्या थराखाली पाणी एकाएकी गार होते आणि पायाच्या एका फटक्याने गाळ उठून समोरचे दिसेनासे होते. तिथे डोके शांत ठेवायची सवय लागली की ती समुद्रातही उपयोगी पडते.

अधिक गंभीर आक्षेप मृत्यूंचा आहे. वेल्समधल्या डोरोथिया या पाटीच्या दगडाच्या खाणीत पाणी शंभर मीटरहून खोल आहे आणि तिथे अनेक पाणबुडे दगावले आहेत. पण म्हणून सगळ्याच खाणींना दोष देणे बरोबर नाही. खोली, कडे आणि थंडी सगळीकडेच कमी-अधिक असते. येणाऱ्याचे प्रशिक्षण तपासणारे, खोलीची मर्यादा पाळायला लावणारे आणि अडचणीत धावून जाणारे कोणी आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते. महाराष्ट्रातही बंद पडलेल्या दगडखाणी पावसाळ्यात भरतात आणि पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. तारकर्लीला स्कूबाचे प्रशिक्षण मिळते, पण पावसाळ्यात समुद्र बंद असतो. म्हणून एखादी खाण वापरावी, असे कोणालाही सुचेल. त्याआधी तळ, कडे, पाण्याचा दर्जा आणि आत राहिलेले लोखंड तपासावे लागेल, शिवाय देखरेखीचा खर्च कायमचा उचलावा लागेल. तो उचलायची तयारी नसेल, तर खाणीला भक्कम कुंपण घालणेच शहाणपणाचे.