मणिपूर १८९१: आधी फाशी, मग नियम

१८९०च्या सप्टेंबरात मणिपूरच्या राजवाड्यात भावाभावांतली तेढ विकोपाला गेली. महाराज सूरचंद्र गादी सोडून निघून गेले, कुलचंद्र राजे झाले आणि खरी सूत्रे सेनापती टिकेंद्रजितांच्या हाती आली. इंग्रजांना नवा राजा चालत होता. डोळ्यांत खुपत होता तो सेनापती.

आसामचे चीफ कमिशनर क्विंटन सुमारे चारशे गुरखा शिपाई घेऊन २२ मार्च १८९१ रोजी इंफाळला आले. दरबार भरवायचा, टिकेंद्रजितांना बोलवायचे आणि तिथेच पकडायचे, असा बेत होता. ते आलेच नाहीत. मग २४ तारखेला पहाटे त्यांच्या वाड्यावर हल्ला झाला. त्या रात्री बोलणी करायला कांगला किल्ल्यात गेलेल्या क्विंटनसह पाच इंग्रज अधिकाऱ्यांना ठार मारण्यात आले. बोलणी करायला आलेल्यांना असे मारणे मी कधीच योग्य म्हणणार नाही. पण ही हकिगत त्या रात्रीपासून सुरू करणेही मला मान्य नाही. ती दरबाराच्या आमंत्रणापासूनच सांगायला हवी.

पुढे कोहिमा, सिलचर आणि तामू अशा तीन बाजूंनी फौजा चालून आल्या. खोंगजोमला पाओना ब्रजबासी आणि त्यांचे साथीदार तोफांपुढे लढत पडले. मणिपुरात २३ एप्रिल हा खोंगजोम दिन म्हणून पाळतात. २७ एप्रिलला कांगला पडला.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो नंतरचा खटला. टिकेंद्रजितांवर मुख्य आरोप होता सम्राज्ञीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. मणिपूर स्वतंत्र राज्य असताना तिथला राजपुत्र व्हिक्टोरिया राणीचा अपराधी कसा ठरतो? कलकत्त्याचे बॅरिस्टर मनमोहन घोष यांनी हाच मुद्दा लावून धरला. उपयोग झाला नाही. १३ ऑगस्टला टिकेंद्रजित आणि वृद्ध थांगल जनरल यांना इंफाळमध्ये जाहीर फाशी दिली गेली. आणि २१ ऑगस्टला, म्हणजे फाशीनंतर आठ दिवसांनी, सरकारने अधिसूचना काढली: संस्थानांशी असलेल्या आमच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायदा लागू नाही. घोषांच्या प्रश्नाचे सरकारी उत्तर हे असे, आरोपी मेल्यावर आले.

कुलचंद्रांना अंदमानात धाडले. राज्य खालसा केले नाही. पाच वर्षांच्या चुराचांदला गादीवर बसवून कारभार इंग्रज अधिकाऱ्याकडे दिला आणि दरसाल ५०,००० रुपयांची खंडणी लादली. कांगल्यात मात्र लष्कराने जो तळ ठोकला, तो स्वातंत्र्यानंतरही हलला नाही. आसाम रायफल्सने किल्ला रिकामा करून राज्य सरकारच्या हवाली केला तो २००४च्या नोव्हेंबरात.